शपथ कोणी सांभाळायची?

दारू सोडण्याची शपथ आपल्याकडे नवी नाही. भोर-वेल्ह्याच्या मावळात कोणी ती ग्रामदैवतापुढे नारळ ठेवून घेतो, कोणी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून, तर कोणी पंढरीची माळ गळ्यात घालून. त्यांतल्या पुष्कळ शपथा मोडतात, आणि मग गावाचा निकाल तयारच असतो : “याची नियतच नव्हती!” हा निकाल न्याय्य आहे काय, हा प्रश्न सणाच्या दिवसांत विचारणे अप्रस्तुत नाही, कारण असा एखादा मनुष्य यंदाही कित्येक घरांत फराळाला बसलेला असेल.

नीतीचा निवाडा करण्यापूर्वी मेंदूत काय घडते ते पाहू. मज्जापेशींना शांत करणारे ‘गाबा’ नावाचे एक द्रव्य मेंदूत असते. मद्य त्याचे बळ वाढवते. उलट, पेशींना चेतवणाऱ्या ‘ग्लुटामेट’चा प्रभाव ते कमी करते. महाडहून भोरला येणारी मोटार वरंधा घाट चढत असताना कोणी ब्रेक दाबून धरला, तर ड्रायव्हरला ॲक्सिलरेटर अधिकाधिक दाबावा लागेल. वर्षानुवर्षे पिणाऱ्याचा मेंदू हेच करतो. मग एके दिवशी ब्रेकवरचा पाय एकाएकी उचलला, म्हणजे गाडी उधळते. हात कापणे, झोप उडणे, झटके येणे, नसलेले दिसू लागणे, हे त्या उधळण्याचेच प्रकार. म्हणून फार पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू तोडण्याचा घरगुती उपाय जिवावर बेतू शकतो; तेथे डॉक्टरच हवा.

हे वादळ बहुधा आठवड्याभरात शमते. खरी परीक्षा त्यानंतरची. सुखाची ओढ लावणारे ‘डोपामीन’ मद्याच्या उधाणाला सरावलेले असते; ते उधाण ओसरले, की लहानसहान सुखे मनाला शिवतच नाहीत. चकलीचा खमंग वास, लेकीची बडबड, कापणीला आलेले भात, सारेच फिके. बायकोला वाटते, याला आमची मायाच नाही. वस्तुतः माया असते. ती जाणवून देणारे यंत्र मंदावलेले असते. संयम आणि पुढचा विचार सांभाळणारा कपाळामागचा भागही दुबळा झालेला असतो. लक्ष टिकत नाही, सांगितलेले विसरते. जुन्या सोबत्याची हाक मात्र सारी तहान क्षणात जागी करते. दारूपासून दूर राहिल्यास यातले पुष्कळसे भरून येते. पण त्याला महिने लागतात, काहींना वर्षाहूनही अधिक, आणि काही हानी कायमची राहते.

म्हणजे गंमत अशी, की जी शक्ती शपथ पाळणार, तीच आजारी आहे!

तर मग दोष कोणाचाच नाही काय? जिच्या अंगावर वळ उठले, जिचे मंगळसूत्र गहाण पडले, तिला मेंदूतील द्रव्यांची नावे सांगून काय उपयोग? कारण सांगणे म्हणजे क्षमा मागून घेणे नव्हे. आजाऱ्याची जबाबदारी संपत नाही, ती फक्त लहान होते. संध्याकाळी गुत्त्याच्या दारात मोह जिंकण्याचे बळ ज्याच्यात नाही, त्याला सकाळी शुद्धीत असताना वेगळी वाट धरता येते, मजुरी घरात देता येते, औषध घेता येते. एवढे मात्र त्याच्याकडून मागावेच.

उरलेला भार कोणी उचलायचा? १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तील सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करतो, काम मागायला जातो, अपमानित होऊन परततो आणि पुन्हा पेल्याकडे वळतो. आपण सुधाकराला हसतो किंवा त्याच्यासाठी रडतो. त्याचा अपमान करणाऱ्यांना मात्र विसरतो. आणि सिंधूच्या सोसण्याला आदर्श म्हणतो, हा तर दुहेरी अन्याय. भार उचलणे म्हणजे घरातल्या स्त्रीने मार खाणे नव्हे. ती दूर राहिली, विश्वास टाकायला तिने वर्षे घेतली, तरी तो तिचा हक्क आहे.

हा भार अनेकांत वाटला गेला, तरच पेलतो. १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन गावी दोन मद्यपी एकमेकांना भेटले आणि त्यातून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ उभे राहिले. तेथे जन्मभराची शपथ मागत नाहीत, आजचा दिवस मागतात. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने ‘मुक्तांगण’ सुरू केले. तेथेही औषधाइतकेच मोल सोबतीला आहे. आपल्या माळकऱ्याचे तरी दुसरे काय? माळ एकट्याच्या गळ्यात असते, पण भजनाला जाग्या राहणाऱ्या चार माणसांत ती घातलेली असते. तिचे बळ लाकडापेक्षा त्या सोबतीत अधिक असावे.

मावळातला शेतकरी हे सहज समजेल. लावणीनंतर रोप काही दिवस माना टाकते. म्हणून कोणी ते उपटून त्याची नियत तपासत नाही. बांध नीट आहे ना, पाणी टिकते ना, हे पाहतो. मुळे रोपानेच धरायची असतात, हे खरे. पण बांध घालणे रोपाचे काम नव्हे.

या दिवाळीत कोणी आग्रहाने पुढे केलेला पेला नाकारला, तर कारण विचारू नये. सरबत द्यावे आणि गप्पा चालू ठेवाव्यात.