निवाडा आणि नोंद

आईच्या अंत्यविधीच्या दिवशी आमचा धाकटा भाऊ रडला नाही. कबरीवर मूठभर माती टाकून तो घरी परतला आणि सरळ मांडवातील खुर्च्या मोजू लागला. 'याला काळीज नाही,' असा निवाडा आम्ही मनातल्या मनात देऊन टाकला आणि पुढे कित्येक वर्षे तो जपला. प्रत्यक्ष पाहिले होते ते एवढेच: कोरडे डोळे आणि खुर्च्या. उरलेले सारे आमच्या पदरचे.

जॉन काबात-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्यांनी गांजलेल्यांसाठी सजगतेचे वर्ग सुरू केले. तेथे जोपासावयाच्या वृत्तींत 'निवाडा न करणे' ही त्यांनी अग्रक्रमाने सांगितली. गुडघा दुखतो, ही नोंद. आता आपले आयुष्य संपले, हा निवाडा. नोंदीने दुखणे पळून जात नाही. त्यावर रचलेला दुसरा भार मात्र हलका होऊ शकतो. आपल्या येशुसंघीय फादर अँथनी डिमेलो यांच्या 'साधना' (१९७८) या पुस्तकातही श्वासाचे आणि शरीरातील संवेदनांचे नुसते भान ठेवणे ही प्रार्थनेचीच पायरी मानली आहे.

मग पापाला पाप म्हणावयाचे नाही काय? दारूच्या नशेत पत्नीवर हात उगारणाऱ्याकडेही नुसते पाहत राहावयाचे काय? मुळीच नाही. तो हात आधी धरला पाहिजे. कृत्याचा निर्णय करणे हे सदसद्विवेकबुद्धीचे कामच आहे. त्या माणसाच्या अंतःकरणाचा अखेरचा हिशेब मात्र आपल्याकडे सोपविलेला नाही. संत मत्तयच्या सातव्या अध्यायात तरी कुसळ तसेच राहू द्यावे असे कोठे म्हटले आहे? आधी स्वतःचे मुसळ काढावयाचे, ते नीट दिसावे म्हणून.

स्वतःच्या बाबतीत तर आम्ही अधिकच कठोर. माळ म्हणताना मन बाजारात जाते. मग त्याला रागे भरण्यात आणखी एक रहस्य निघून जाते! संत इग्नाशियस यांच्या आत्मपरीक्षणात दोषांच्या झडतीपूर्वी देवाचे आभार मानावयाचे असतात. आम्ही ती पहिली पायरी नेहमी गाळीत आलो.

गेल्या वर्षी, फार उशिरा, आम्ही भावाला त्या खुर्च्यांविषयी विचारले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दादा, काहीतरी मोजत राहायला हवं होतं. नाहीतर मी उभाच राहिलो नसतो."