मत फिरतं तेव्हा

अमेरिकेत अध्यक्षपदाचा निकाल लागला की टीव्हीवरच्या चर्चेत एक शेरा ठरलेला असतो: मागच्या खेपेला या पक्षाला आणि यंदा त्या पक्षाला मत देणाऱ्यांना ना विचार, ना निष्ठा. आयाराम-गयारामांना विटलेल्या मराठी वाचकालाही तो पटेल. पण पुढारी पक्ष बदलतो तेव्हा त्याच्या पदरात काही पडतं. मतदाराला मंत्रिपद कोण देतं?

शेऱ्याला विद्यापीठी पाठबळही आहे. मिशिगन विद्यापीठाच्या अँगस कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी १९६० मध्ये ‘द अमेरिकन व्होटर’मध्ये मांडलं, की पक्ष बहुधा घरातूनच येतो आणि कुठल्याच पक्षाचे नसलेले लोक राजकारणाबद्दल कमी जाणतात. राज्यशास्त्रज्ञ व्ही. ओ. की यांनी याचा प्रतिवाद केला. त्यांच्या मृत्यूनंतर, १९६६ मध्ये आलेल्या पुस्तकाचं म्हणणं, मतदार मूर्ख नसतो. पक्ष बदलणाऱ्यांची धोरणांबद्दलची मतंही नव्या पक्षाशी जुळतात. ठीक. पण आधी काय बदललं? उमेदवार पसंत करून कारणं मागाहून जमवणारेही कमी नसतात.

खरा फरक निष्ठा आणि वहिवाट यांतला आहे. टेक्सासमधली स्टार काउंटी मेक्सिकोच्या सीमेवर आहे आणि वस्ती जवळपास सगळी मेक्सिकन वंशाची. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन तिथं सुमारे ६० टक्क्यांच्या फरकाने जिंकल्या, २०२० मध्ये बायडन जेमतेम ५ टक्क्यांनी. २०२४ मध्ये तिथं ट्रम्प जिंकले. १८९२ नंतर पहिलाच रिपब्लिकन. भिंत बांधू म्हणणारा! पण तिथल्या कित्येक घरांत सीमा गस्तीदलाचा नाहीतर तेलविहिरींवरचा पगार येतो. डेमोक्रॅट असणं ही वहिवाट होती, ती मोडली.

म्हणजे मतदार शहाणा, आणि वाद संपला? मिशिगन राज्यात डेट्रॉइटला लागून असलेली मॅकोम्ब काउंटी हे उत्तर बिघडवते. मोटार कामगारांच्या या वस्तीने १९६० मध्ये डेमोक्रॅट केनेडींना ६३ टक्के मतं दिली, १९८४ मध्ये रिपब्लिकन रेगनना ६६. का, हे विचारायला जनमत चाचण्या घेणारे स्टॅनली ग्रीनबर्ग १९८५ मध्ये तिथं गेले. लोकांनी कारणं सांगितली, त्यांत कृष्णवर्णीयांविषयीचा राग उघड होता. विचार होता, तो चांगला नव्हता. याच काउंटीने पुढे ओबामांना दोनदा निवडलं आणि नंतर ट्रम्पना तीनदा. तेव्हा मत फिरवणाऱ्याला मूर्ख ठरवणं जितकं चूक, तितकंच त्याला विवेकाचा पुतळा करणंही.

मोजणी मात्र त्याच्याच बाजूची आहे. मत फिरलं की एकाचं एक कमी होतं, दुसऱ्याचं एक वाढतं, म्हणजे फरक दोनाचा. २०१६ मध्ये ट्रम्प यांनी मिशिगन राज्य १०,७०४ मतांनी जिंकलं. एकट्या मॅकोम्बमधली त्यांची आघाडी होती सुमारे ४८,००० मतांची.