प्रयत्नांती परमेश्वर



कष्ट आणि चिकाटी यांविषयीच्या म्हणी ऐकतच आपण लहानाचे मोठे झालो. ‘थेंबे थेंबे तळे साचे’, ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’, ‘प्रयत्नांती परमेश्वर’ या म्हणी आपल्या घराघरांत आहेत. जो नुसता हातावर हात ठेवून बसतो त्याच्यासाठी ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ असा चिमटाही आहे.

या म्हणी अनुभवातून आलेल्या आहेत. ग्रीक तत्त्वज्ञ अरिस्टॉटल यानेही हेच शिकवले की, एखाद्‌दुसऱ्या चांगल्या कृतीने माणूस सद्‌गुणी होत नाही. तीच कृती पुन्हा पुन्हा केल्याने सद्‌गुण अंगी मुरतो. संत पौल करिंथ शहरात सुवार्ता सांगत असताना तंबू तयार करण्याचे कामही करीत होता. ज्याला काम करायची इच्छा नाही त्याने खाण्याचीही अपेक्षा ठेवू नये, असे त्याने थेस्सलनीका येथील ख्रिस्ती लोकांना बजावले. मात्र पौलाचे म्हणणे आपण नीट समजून घेऊ या. ज्याला ‘इच्छा नाही’ त्याच्याविषयी तो बोलतो. ज्याला काम मिळत नाही त्याच्याविषयी नाही.

इथेच आपली गल्लत होते. म्हण स्वतःला सांगितली तर बळ देते. तीच दुसऱ्याच्या अंगावर फेकली तर तिचा दगड होतो. दहावीला नापास झालेला मुलगा, कंपनी बंद पडल्यामुळे घरी बसलेला बाप, वादळी पावसाने केळीची वाडी आडवी झालेला शेतकरी, या सर्वांना आपण सहज ऐकवतो, ‘प्रयत्नांती परमेश्वर!’ म्हणजे, तुला फळ मिळाले नाही, ज्या अर्थी तू प्रयत्नच केला नाहीस. ‘ज्याचे जळते त्याला कळते’ ही म्हण मात्र अशा वेळी आपल्याला आठवत नाही.

संत लूकच्या शुभवर्तमानातील पाचवा अध्याय पाहा. शिमोन पेत्र आणि त्याचे साथीदार रात्रभर राबले, तरी हाती काहीच लागले नाही. ते आळशी नव्हते; मासेमारी हा तर त्यांचा रोजचा धंदा. सकाळी ते किनाऱ्यावर जाळी धूत होते. जाळी कोण धुतो? ज्याला पुन्हा पाण्यावर जायचे असते तो. हे आपल्या कोळी बांधवांना सांगायला नको. रिकाम्या रात्रीनंतरही जाळी धुऊन ठेवणे, यालाच आपण चिकाटी म्हणतो.

अशा वेळी प्रभू येशू काय करतो? तो पेत्राची झडती घेत नाही. तू कुठे कमी पडलास, असे विचारीत नाही. तो त्या रिकाम्या होडीत जाऊन बसतो आणि तिथूनच लोकांना शिकवतो. खोल पाण्यात जायला तो त्यानंतर सांगतो. मासळी नंतर आली. प्रभू आधी आला. आपल्या म्हणीचा ख्रिस्ती अर्थ इथे उलगडतो. प्रयत्नांच्या शेवटी यश येईलच असे नाही, पण परमेश्वर मात्र येतो.

पुढे जाळी फाटू लागली तेव्हा पेत्राने व त्याच्या सोबत्यांनी दुसऱ्या होडीतील साथीदारांना खुणावले. दोन्ही होड्या भरल्या. कष्टाचे फळ वाटून घ्यायचे असते, हेही आपण इथे शिकतो.

आपल्या धर्मग्रामात आज काही होड्या रिकाम्या आहेत. त्या कोणत्या घरांतल्या, हे आपल्याला ठाऊक आहे. या आठवड्यात त्यांपैकी एका घरी आपण जाऊ या. म्हण न ऐकवता थोडा वेळ त्यांच्याजवळ बसू या. कुणाच्या नोकरीसाठी शब्द टाकता येईल, कुणाच्या मुलाला फेरपरीक्षेसाठी गणित शिकवता येईल. आणि ज्यांची होडी आज रिकामी आहे त्यांना एवढीच विनंती : जाळी धुऊन ठेवा.

प्रभू आपणां सर्वांच्या कष्टांना आशीर्वाद देवो.

– आपले धर्मगुरू