वरचे पंधरा दिवस

माझा भाचा शिडाच्या होडीतून गोव्याहून मॉरिशसला निघाला, तेव्हा पहिले वादळ झाले ते धक्क्यावरच, आणि तेही लाडवांवरून.

भाच्याचा हिशेब काटेकोर. माणसे ४, प्रवास २५ दिवसांचा, साठा मात्र ४० दिवसांचा. माणशी रोज ३ लिटर धरून पाणी ४८० लिटर. अंडी टिकावीत म्हणून एकेका अंड्याला व्हॅसलीन. पुठ्ठ्याची खोकी धक्क्यावरच सोडायची, कारण त्यांतून झुरळे फुकट परदेशी जातात. बंद डब्यांवरचे कागद सोलून रंगाने नावे लिहायची. नाहीतर कागद ओलाव्याने सुटून पंपात अडकतात. हे काम माझ्याकडे आले. माझे अक्षर पाहता, आत वाटाणे आहेत की अननस, हे त्यांना डबा फोडल्यावरच कळले असणार.

एवढ्यात अक्का पुण्याहून चार डबे घेऊन उतरली. बेसनाचे लाडू, चकल्या, मेतकूट, आणि चौथ्यात ‘असू दे बरोबर’ या सदरात मोडणारे सगळे.

“आई, एकच डबा हं. वजन वाढलं की होडी जड चालते.”

“पंचवीस दिवसांना चाळीस दिवसांचं पाणी कशाला रे?”

“अडीअडचणीला.”

“म्हणजे तुझे वरचे पंधरा दिवस ते शास्त्र, आणि माझे डबे ती अडगळ!”

भाचा गप्प. मीही गप्प, कारण अक्काचे म्हणणे मला आजतागायत खोडता आलेले नाही. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ साली, आपल्या मुंबईत बांधलेल्या ‘सुहेली’तून एकटा, कुठेही न थांबता पृथ्वीला वळसा घालून आला. ३१२ दिवस लागले. टाक्यांतले पाणी वाटेत नासले आणि गडी पावसाच्या पाण्यावर राहिला. त्याच शर्यतीतल्या म्वातेसिएने होडी हलकी व्हावी म्हणून साखळदंड आणि पुस्तकेसुद्धा निघण्यापूर्वी उतरवून टाकली. त्याचेही काही अडले नाही. आता तुम्हीच सांगा, ‘पुरेसे’ नेमके कुठे संपते? पंधरावा दिवस शहाणपणाचा आणि सोळावा भित्रेपणाचा, हे कोणी ठरवायचे? आमच्या घरात दोन माणसांना दहा किलो साखर असते, त्यामुळे मी तरी ठरवू नये.

शेवटी अक्का चहाला गेली तशी भाच्याने लाडवांचा डबा ठेवून बाकीचे तीन माझ्या हातात दिले. “मामा, सगळे चढवले म्हणून सांग.” होडी हलकी झाली, जड झालो तो मी. चकल्यांत एक पिशवी लाडवांचीही निघाली. अक्काने तिथेही वरचे पंधरा दिवस धरले होते.

आठवड्याने तिचा फोन आला.

“डबे चढले ना रे सगळे?”

“चढले की,” मी म्हणालो. तोंडात लाडू होता.

पलीकडे क्षणभर शांतता.

“बरं. चौथ्या डब्यातलं लोणचं आधी संपव. आणि लाडू बेतानं खा, तुला साखर आहे.”