मूल खुलाच्या सौद्यात येते का?

तलाक, खुला, मेहर आणि इद्दत यांविषयी आपल्या समाजात पुष्कळ बोलले जाते. वर्तमानपत्रे बोलतात, वकील बोलतात, व्यासपीठावरून वक्तेही बोलतात. या सर्व चर्चेत मुलाचा विषय मात्र अगदी शेवटी येतो, बहुधा बैठक उठण्याच्या वेळी. तोसुद्धा ‘मूल कोणाकडे जाणार?’ अशा शब्दांत येतो, ‘मुलाला काय मिळणार?’ असे कोणी विचारत नाही. वाचकहो, या दोन प्रश्नांमध्ये केवळ शब्दांचा फरक नाही. पहिल्या प्रश्नात मूल ही दोन हक्कदारांमधील वस्तू असते आणि दुसऱ्यात ते स्वतःच हक्कदार असते. यांपैकी खरे कोणते, हा विचार तात्त्विक वाटेल; परंतु खुलाच्या कागदावरील एक कलम वैध की बातिल, हे त्याच्याच उत्तरावर ठरते.

ते कलम अनेकांच्या परिचयाचे असेल. पत्नीला विवाहबंधनातून मोकळे व्हायचे आहे, पतीची तयारी नाही. दोन्हीकडचे वडीलधारे बसतात. पत्नी मेहर सोडून देते, दागिने परत करते. येथपर्यंत कोणाला आक्षेप घेण्याचे कारण नाही. साबित बिन कैस (रजि.) यांच्या पत्नीने प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे येऊन विभक्त होण्याची इच्छा सांगितली, तेव्हा मेहरात मिळालेली बाग परत करण्यास ती तयार आहे का, एवढेच तिला विचारण्यात आले. तिने होकार दिला आणि प्रकरण मिटले. आपल्याकडच्या कागदात मात्र बागेनंतर आणखी एक ओळ येते: ‘मुलावर मी यापुढे कोणताही हक्क सांगणार नाही.’ किंवा याच्या उलट: ‘मूल माझ्याकडे राहील, त्याच्या खर्चासाठी मी कधीही मागणी करणार नाही.’ खाली सही, दोन साक्षीदार आणि सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. ज्याच्याविषयी ही ओळ लिहिली गेली, ते मूल त्या वेळी शेजारच्या खोलीत खेळत असते.

फिकाहमध्ये लहान मुलाच्या संगोपनाला ‘हिजानत’ म्हणतात. हा शब्द ‘हिज्न’ या अरबी मूळ शब्दावरून आला आहे आणि त्याचा अर्थ बगलेपासून कमरेपर्यंतची शरीराची बाजू असा आहे. मराठीत आपण जिला ‘कड’ म्हणतो आणि आई मुलाला जेथे ‘कडेवर’ घेते, नेमकी तीच जागा. पक्षीण अंडी पंखांखाली घेऊन बसते, त्यालाही अरबीत याच धातूचा शब्द आहे. आपल्या न्यायालयांच्या मराठीत मात्र ‘मुलाचा ताबा’ असे म्हणतात. शेताचा ताबा, घराचा ताबा आणि मुलाचाही ताबा! शब्द रूढ आहे, त्याला आता इलाज नाही. पण वाद जमिनीच्या वादासारखा का लढला जातो, याचे थोडेसे उत्तर त्या शब्दातच असावे.

हिजानत हा संगोपन करणाऱ्याचा हक्क आहे की संगोपन होणाऱ्याचा, यावर फुकहांमध्ये दीर्घ चर्चा झाली आहे. काहींनी तो आईचा हक्क मानला, काहींनी मुलाचा, तर काहींनी दोघांचाही. ही चर्चा निव्वळ पांडित्याची नाही. आपला हक्क माणूस सोडू शकतो, दुसऱ्याचा सोडू शकत नाही. म्हणूनच हनफी फुकहांनी खुलाच्या संदर्भात स्पष्ट मत दिले की, मूल पतीकडे सोडण्याच्या अटीवर खुला झाला तर खुला वैध आहे, पण ती अट बातिल आहे; कारण लहानपणी आईजवळ राहणे हा मुलाचा हक्क आहे आणि जे आईच्या मालकीचे नाही ते तिला देता येत नाही. स्त्री बंधनातून मोकळी होते आणि मूलही तिच्याजवळच राहते. मूल मिळेल म्हणून ज्याने खुला दिला, त्याने जे विकत घेता येत नाही त्याची किंमत लावली होती.

खर्चाच्या कलमाबाबत प्रामाणिकपणे सांगायचे, तर मामला इतका सरळ नाही. आई ठरावीक मुदतीपर्यंत मुलाचा खर्च स्वतः करील, अशी अट खुलाच्या मोबदल्यात फुकहांनी मान्य केली आहे. परंतु त्याबरोबर हेही लिहिले आहे की, तिची ऐपत राहिली नाही तर मुलाला उपाशी ठेवता येणार नाही. तेव्हा खर्च बापानेच करायचा. म्हणजे कागदावर सही कोणाचीही असो, मुलाच्या पोटाचा प्रश्न त्या सहीने मिटत नाही.

पैगंबरकालातील आणि खलीफांच्या काळातील उदाहरणे पाहिली म्हणजे या मताचे मूळ दिसते. एक स्त्री प्रेषितांकडे (स.) आली. आपल्या उदरात या मुलाने वास केला, आपले दूध तो प्यायला, आपली कूस त्याचा आसरा झाली आणि आता त्याचा बाप आपल्याला तलाक देऊन त्यालाही हिरावू पाहतो, असे तिचे गाऱ्हाणे होते. तिच्या म्हणण्यात मालकीची भाषा नाही. मुलाला काय काय लागले आणि ते कोणी पुरवले, एवढेच ती सांगते. तिने पुनर्विवाह करेपर्यंत तिचाच अधिकार अधिक आहे, असा निर्णय मिळाला.

दुसरी घटना इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’मध्ये आली आहे. हजरत उमर (रजि.) यांचा एका अन्सारी पत्नीपासून आसिम नावाचा मुलगा होता, पुढे पती-पत्नी विभक्त झाले. एकदा कुबा येथे गेले असता मशिदीच्या अंगणात त्यांना आसिम खेळताना दिसला. त्यांनी त्याला दंडाला धरून उचलले आणि आपल्यापुढे वाहनावर बसवले. इतक्यात मुलाची आजी धावत आली. वाद खलीफा हजरत अबू बक्र (रजि.) यांच्यापर्यंत गेला. दोघेही मुलाला ‘माझा’ म्हणत होते. खलीफांनी मूल त्या स्त्रीकडेच राहू द्यावे, असे उमर (रजि.) यांना सांगितले. रिवायतीत पुढे नोंद आहे की, उमर (रजि.) यांनी त्यावर एक शब्दही उलटून काढला नाही. ज्यांच्या करारी स्वभावाची साक्ष सारा इतिहास देतो, ते हजरत उमर (रजि.) येथे बाप म्हणून उभे होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

वयोमर्यादेबाबत मतभेद आहेत आणि आपल्या महाराष्ट्रात ते शेजारी शेजारी नांदतात. देशावरील व मराठवाड्यातील बहुसंख्य मुस्लिम हनफी आहेत, तर कोकणी मुस्लिम शाफई. हनफी मतानुसार मुलगा साधारण सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईकडे राहते. शाफई मतानुसार सातव्या वर्षाच्या सुमारास, समज आल्यावर, मुलगा असो वा मुलगी, त्याला निवड करू द्यावी. मालिकी मत आईला याहून अधिक काळ देते. मतभेद इतके आहेत, यावरूनच हे आकडे मुलाच्या गरजेचा अंदाज आहेत, हे ध्यानात यावे. सातव्या वाढदिवसाच्या सकाळी दारात येऊन उभे राहणाऱ्या बापाने हे जरूर वाचावे.

मुलाच्या निवडीला हदीसचा आधार आहे. आईबापांच्या वादात प्रेषितांनी (स.) एका मुलाला दोघांपैकी कोणाचाही हात धरण्यास सांगितले आणि त्याने आईचा हात धरला. तरीही निवड म्हणजे सर्व काही नव्हे. इब्ने कय्यिम यांनी आपले गुरू इब्ने तैमिया यांच्याकडून ऐकलेली एक हकिकत नोंदवली आहे. एका मुलाने काझीसमोर बापाची निवड केली. आई म्हणाली, कारण तरी विचारा. मुलाने सांगितले की आई रोज मकतबात पाठवते, तेथे उस्ताद मारतात. बाप मात्र पोरांबरोबर खेळू देतो. काझीने मूल आईच्या स्वाधीन केले. मुलाची इच्छा ऐकायची, पण त्याचे हित पाहायचे, हा भेद त्या काझीला कळला होता.

आपल्या देशाचा कायदाही बऱ्याच अंशी याच ठिकाणी येऊन पोहोचतो. पालक व पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम १७ नुसार न्यायालयाने मुलाला लागू असलेल्या व्यक्तिगत कायद्याशी सुसंगत राहून त्याचे कल्याण पाहायचे असते. मूल समजदार वयाचे असेल तर त्याची पसंतीही विचारात घेता येते. मुले म्हणजे आईबापांची मालमत्ता किंवा खेळणी नव्हेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ च्या एका निकालातच बजावले आहे. आईबापांनी आपसांत केलेला करार न्यायालयावर बंधनकारक नसतो आणि ताब्याचा आदेश परिस्थिती बदलली तर बदलता येतो. खर्चाबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे. १९८६ च्या मुस्लिम महिलांविषयीच्या कायद्यात मुलाच्या जन्मापासून दोन वर्षांपर्यंतच्या खर्चाचा उल्लेख आहे, म्हणून दोन वर्षांनंतर बाप मोकळा, असे सांगितले जाते. हे चूक आहे. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, मुस्लिम बापाची फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालची जबाबदारी मूल सज्ञान किंवा कमावते होईपर्यंत आणि मुलीच्या बाबतीत विवाहापर्यंत कायम राहते. १ जुलै २०२४ पासून त्या कलमाची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे. मुलाच्या मालमत्तेची विलायत हा वेगळा विषय आहे. तेथे बापाचा आणि त्याच्यामागे आजोबांचा अधिकार येतो. हिजानत आणि विलायत यांची गल्लत करून आईला गप्प बसवले जाते, म्हणून हा उल्लेख केला.

पुनर्विवाहाची अट हा तर आज तरुण घटस्फोटित स्त्रियांच्या मानेवर ठेवलेला सुरा झाला आहे. चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुलीला सांगितले जाते, निकाह कर आणि मूल दे, नाहीतर मूल ठेव आणि अशीच राहा. अटीमागचा हेतू परक्या घरात मुलाची हेळसांड होऊ नये, हा होता. हेळसांड होत नसेल तर काय, याचा विचार पूर्वसुरींनीही केला आहे. हसन बसरी आणि इब्ने हज्म यांच्या मते केवळ विवाहाने आईचा अधिकार जात नाही. खुद्द प्रेषितांच्या (स.) घरात हजरत उम्मे सलमा (रजि.) यांची पहिल्या पतीपासूनची मुले वाढली. त्यांचा मुलगा उमर बिन अबी सलमा याला जेवताना उजव्या हाताने व आपल्या पुढ्यातले खावे, हे प्रेषितांनीच (स.) शिकवले. त्या मुलांचे वडील हयात नव्हते, ही गोष्ट वेगळी. पण सावत्र बापाच्या घरात मूल कसे वाढावे, याचा याहून मोठा नमुना कोणता?

बापाविषयीही बोलले पाहिजे, कारण जुलूम एकाच बाजूने होत नाही. सूरह अल-बकराच्या २३३ व्या आयतीत मुलावरून आईला त्रास देण्याची मनाई आहे, तशीच बापालाही त्रास देण्याची मनाई आहे. दूध तोडण्यासारखी घरगुती बाबसुद्धा दोघांच्या सल्लामसलतीने व संमतीने ठरावी, असे तीच आयत सांगते. जे जोडपे मुलाच्या दुधाविषयी सल्लामसलत करण्यास बांधलेले आहे, त्याला शाळा, आजारपण आणि ईदची भेट याविषयी अबोला धरण्याची मुभा कोठून मिळणार? खर्च दिला नाही म्हणून भेट बंद आणि भेट दिली नाही म्हणून खर्च बंद, ही अदलाबदल दोन्ही बाजूंनी चालते. दोन्ही वेळा वसुली मुलाकडूनच होते.

बैठकीत बसणाऱ्या वडीलधाऱ्यांनी एक प्रसंग आठवावा. हजरत हमजा (रजि.) यांच्या अनाथ मुलीसाठी अली, जाफर आणि जैद (रजि.) या तिघांनी दावा केला. जाफर (रजि.) यांच्या घरात मुलीची मावशी होती आणि मावशी आईच्या जागी असते, म्हणून मुलगी तिच्याकडे देण्यात आली. निर्णय झाल्यावर प्रेषितांनी (स.) तिघांनाही एकेक आपुलकीचा शब्द ऐकवला. ज्यांचा दावा फेटाळला गेला तेही मान खाली घालून गेले नाहीत. आपल्या बैठकांतून एक पक्ष हरल्याशिवाय उठतच नाही.

तेव्हा खुलानामा लिहिताना मेहर आणि दागिन्यांचा हिशेब जरूर लिहावा, पण मुलाची व्यवस्था त्या हिशेबात घालू नये. तिच्यासाठी स्वतंत्र कागद करावा: मूल कोठे राहील, दरमहा खर्च किती व कोणत्या तारखेला, शाळेची फी कोण भरील, बाप कोणत्या दिवशी भेटेल, सुट्टीत मूल कोणाकडे असेल. मूल वाढेल तसा हा कागद बदलता येईल, हेही त्यातच नमूद करावे. आणि ज्या भगिनींनी मुलावरील हक्क सोडल्याच्या कागदावर आधीच सही केली आहे, त्यांनी ती शेवटची मानून बसू नये. मूल नेहमी राहते त्या ठिकाणच्या कौटुंबिक न्यायालयात, आणि ते नसेल तेथे जिल्हा न्यायालयात, ताब्यासाठी अर्ज करता येतो. दारुल कजा जवळ असेल तर तेथील काझींनाही हे कलम दाखवून ते वैध आहे का, असे लेखी विचारता येते.