सगळा भार 'विल'वर नको

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

तारापूर एमआयडीसीतल्या कंपनीला पाठवायच्या मेलचा तुझा मसुदा वाचला. स्पेलिंग बिनचूक आहे, पण जवळजवळ प्रत्येक वाक्यात 'विल'! भविष्यकाळ म्हणजे 'शॅल-विल' हा तक्ता शाळेत घोकून घेतात, त्याचा हा प्रताप.

मराठीत तू असं बोलतेस का? परवा फोनवर म्हणालीस, "मामा, सोमवारी मुलाखतीला येतेय, बोईसरला उतरले की फोन करते." सगळा बेत पुढचा, पण 'येईन', 'करीन' कुठेच नाही, 'उतरले' तर चक्क भूतकाळाचं रूप. इंग्रजीतही बेत कुठवर आलाय ते पाहून क्रियापद निवडतात.

मुलाखतीचा दिवस-वेळ कंपनीशी पक्की झालीय, म्हणून 'आय ॲम कमिंग ऑन मंडे'. नोकरी सांभाळून डिग्री करायचं मनाशी ठरवलंयस, प्रवेश अजून घ्यायचाय. तिथे 'आय ॲम गोइंग टू डू अ डिग्री'. पालघरहून गाडी कधी सुटते, कारखान्यात पहिली पाळी कधी लागते, हे काही तुझ्यामाझ्या मर्जीवर नाही. वेळापत्रकाला साधा वर्तमानकाळच हवा: 'द शिफ्ट स्टार्ट्स ॲट सेव्हन'.

मग 'विल' कधी? समज, मुलाखतीत साहेबांनी मार्कशीट मागितली आणि तू तिथल्या तिथे कबूल केलंस: 'आय विल सेंड इट टुडे'. हा दिलेला शब्द झाला. तिथे 'गोइंग टू' वापरलंस तर त्यांनी मागण्याआधीच तुझं ठरलं होतं, असा अर्थ निघतो.

नुसत्या अंदाजालाही 'विल' चालतं. 30 ऑगस्ट 2024 ला वाढवण बंदराची पायाभरणी पालघरात झाली. 'द पोर्ट विल चेंज अवर कोस्ट' हे बंदरवाले अभिमानाने म्हणतात, मच्छीमार काळजीने. व्याकरण दोघांचं एकच. पण जूनमध्ये समुद्रावरून काळे ढग चालून आले की 'इट इज गोइंग टू रेन' म्हणायचं, कारण पुरावा डोळ्यांसमोर असतो.

या हद्दी काही पोलादी नाहीत. पुष्कळदा दोन्ही रूपं चालून जातात, आणि घाईत कुणी एवढं तोलत बसत नाही. एक चूक मात्र कटाक्षाने टाळ. तू लिहिलंयस, 'व्हेन आय विल रीच बोईसर'. 'व्हेन', 'आफ्टर', 'इफ' यांनी वेळ किंवा अट सांगितली की त्या तुकड्यात 'विल' घालत नाहीत: 'व्हेन आय रीच बोईसर, आय विल कॉल यू'. तुझ्या 'उतरले की'मध्ये तरी भविष्यकाळ कुठे होता?

मेल शनिवारच्या आत जायला हवा. उद्या नव्याने लिहून मला पाठव. मुलाखतीचं वाक्य आधी दुरुस्त कर.

तुझा,
मामा