मिरासीतले ओझे

‘ही काय तुमची मिरास आहे?’ असे आज कोणी कोणाला ठणकावले, तर ऐकणाऱ्याला त्यात मक्तेदारी ऐकू येते. काही न करता बसल्या जागी खायचा हक्क, एवढाच मिरासदारीचा अर्थ आता शिल्लक आहे. शब्द मुळात अरबी, अर्थ वारसा. त्याच्या जोडीला मराठीचा स्वतःचा शब्दही होता: थळ, आणि ते कसणारा थळकरी. माझे म्हणणे असे की आपल्याकडे मिरासीचा निम्माच अर्थ आला आहे. दुसरा निम्मा कुठे गळाला, हेही बऱ्यापैकी नेमके दाखवता येते. ती जागा म्हणजे भीमा आणि नीरा यांच्या बेचक्यातला अवर्षणी इंदापूर तालुका.

जुनी मिरासपत्रे वाचताना आधी डोळ्यांत भरतो तो हक्कच. ‘लेकराचे लेकरी’ मिरास खावी, असा त्यांचा ठरलेला मजकूर. पण कागदाच्या शेवटी साक्षी असतात आणि नावांपाशी निशाण्या: पाटलाचा नांगर, बलुतेदारांची आपापली हत्यारे. हा दोघांमधला खासगी व्यवहार नव्हता, गावाच्या समक्ष घेतलेली बांधिलकी होती. मिरासदाराला गावसभेत बसायचा मान होता. गाव सोडून गेला तरी परतल्यावर जमीन मागता येत असे. त्याच्या बदल्यात रान पडीक राहिले तरी साऱ्याचा तगादा चुकत नसे, आणि वर मिरासपट्टी असे. उपऱ्याचे तसे नव्हते. तो कौल घेऊन कमी धाऱ्याने कसायचा आणि परवडेनासे झाले की उठून दुसऱ्या गावी जायचा. तुकोबांनीही मिरासीच्या शेताचा दृष्टांत योजला आहे, आणि त्याचा रोख हाच की नुसत्या मिरासीने पीक हाती येत नाही. सतराव्या शतकातल्या ऐकणाऱ्याला मिरास म्हटल्यावर राबणे आठवत असणार, बसून खाणे नव्हे.

पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९च्या अहवालात मिरासदाराला जमिनीचा मालक ठरवले. एल्फिन्स्टन स्कॉटलंडचा, आणि त्याच्या मुलखातही असाच एक शब्द होता. ‘किन’ म्हणजे आप्त. त्याच मुळाचा ‘काइंडली टेनंट’, पूर्वजांनी कसलेल्या जमिनीवर नात्याने हक्क सांगणारा. लॉखमेबनचे असे शेतकरी प्रसिद्धच होते. आज ‘काइंडली’ म्हणजे कृपा करून. नाते गेले, उपकार उरला. आपल्या ‘कूळ’ शब्दातही वंश आणि खंडाने कसणारा असे दोन्ही अर्थ आहेत, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. पण नाते एका शब्दात मावते, सरकारी तक्त्यात मावत नाही. कंपनी सरकारच्या प्रिंगल या अधिकाऱ्याची सारा-आकारणी फसली, इंदापुरात रान ओस पडू लागले, तेव्हा १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी तिथेच नवी पद्धत बसवली. जमिनीला नंबर, मातीच्या प्रतीवरून सारा, मुदत ३० वर्षे. धारकाचा पूर्वज कोण, हे तक्त्याला विचारायचेच नव्हते. नको असलेला नंबर राजीनामा देऊन सोडताही येऊ लागला. म्हणजे वारसा मिरासदाराचा आणि मोकळीक उपऱ्याची, दोन्ही एकाच खातेदाराच्या पदरात पडली. गावाशी असलेले देणे तेवढे कोणाच्याच नावावर चढले नाही.

यावर कोणी म्हणेल, मिरासी इंग्रजांच्या आधीही विकल्या जात. जात होत्याच, मिरासपत्रांतली बरीचशी खरेदीखतेच आहेत. पण त्या खरेदीला गोताची, म्हणजे गावसभेची, साक्ष लागे, आणि विकत घेणारा त्या गावचा होऊन राही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ही सगळी बांधिलकी जातीच्या उतरंडीवर उभी होती, तिचे गोडवे कसले गाता? हे मला निम्मे नव्हे, पुरते मान्य आहे. उपऱ्याला गावसभेत तोंड नव्हते, आणि महाराची वतनी मिरास म्हणजे बहुधा पिढीजात राबणूकच. गावाची ती व्यवस्था परत यावी असे मी म्हणत नाही. शब्दाचा अर्थ कसा झिजला, एवढेच पाहतो आहे. आणि झीज पाहायची तर ओझे कोणाच्या पाठीवर किती होते, हेही पाहावे लागते.

झिजेचे फळ लवकरच दिसले. सारा नंबरावर बसल्यावर नंबर गहाण पडू लागला, आणि जमिनीच्या तारणावर सावकाराचे कर्जही सहज मिळू लागले. १८६७ मध्ये इंदापूरची मुदत संपून सारा वाढला. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात (आज बारामती तालुक्यात) कुणब्यांनी सावकारांची घरे-दुकाने फोडली आणि वह्या, खते बाहेर काढून जाळली. राग माणसांपेक्षा कागदावर होता. त्या कागदांनी जमीन गोताला न विचारता हलवता येत होती.

‘मिरासदार’ पुढे आडनाव म्हणून टिकला. नीरेपलीकडच्या अकलूजचे द. मा. मिरासदार तर मराठीला हसवून गेले. ‘उपऱ्या’चे नशीब याच्या उलट. कौल न पटल्यास उठून जायची त्याची मोकळीक विसरली गेली आणि गावाबाहेरचेपण तेवढे चिकटून राहिले. १९८० साली लक्ष्मण माने यांनी आत्मकथनाला ‘उपरा’ हे नाव दिले, तेव्हा त्या शब्दात फक्त तेच उरले होते.